पतीकडून खातरजमा

माझा आकडा शहात्तर आला आणि आमच्या ह्यांचा एकतीस. तक्रार तीच, वाक्यं तीच, मशीन तेच. फरक एवढाच, की वास मला येत होता आणि ह्यांना कसलाच वास येत नाही. कोरोनात गेलेलं नाक बावीस वर्षांत परत आलेलं नाही. दूध करपलं तरी शेजारी बसून पेपर वाचतील. तरी मशीनचं म्हणणं असं, की हा माणूस भरवशाचा आणि मी भ्रमिष्ट.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल बाई तावातावानं काहीतरी बरळतेय.

मी त्रिशला मगदूम. वय त्रेसष्ट. एका सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक होते, निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. आमचे हे, भूपाल, एसटीत कंडक्टर होते. मुलगी लग्न होऊन नाशकात. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. आमच्या भागात बेदाणा म्हणजे सगळं, त्यामुळे त्याविरुद्ध कुणी ब्र काढत नाही. थंडी राखायला तिथं नळ्यांतून अमोनिया फिरवतात.

आमच्या जैन घरात पाणी गाळल्याशिवाय वापरायचं नाही. सासूबाईंनी लावलेली सवय, पहाटे पाचला मी मागच्या दाराशी फडकं लावून पाणी गाळते. गेल्या आषाढापासून नेमकं त्याच वेळी डोळ्यांना झोंबणारा वास यायला लागला. पंधरा-वीस मिनिटं, मग गायब. आठवड्यातून तीन-चारदा. घसा धरायचा, खोकून खोकून जीव नकोसा व्हायचा. मी सरकारच्या तक्रार खात्याकडे तक्रार केली. तपासायला माणसं आली ती अकरा वाजता, चहा पिऊन. स्टोरेजच्या गेटवरच्या सेन्सरवर शून्य. मालक हसून म्हणाला, "काकूंनाच येतोय वास. आम्ही इथंच असतो की दिवसभर."

मी पुन्हा तक्रार केली. मग पुन्हा. अकराव्या तक्रारीला उत्तर म्हणून चाचणीची तारीख आली.

हा नियम तीन वर्षांपूर्वीचा, दोन हजार एकोणचाळीस सालचा. एकाच विषयावर दहाच्या वर तक्रारी गेल्या की तक्रारदाराची 'दृढसमज चाचणी' करायची, आणि त्यानंतर त्या विषयावर जो कुणी तक्रार करील त्याचीही. आकडा सत्तरच्या वर गेला तर तक्रारी बंद. शिवाय साक्ष, बँक, मृत्युपत्र, जिथं म्हणून सही लागते तिथं एका जबाबदार नातेवाइकाची सही सोबत लागणार, आणि त्याची एकट्याची असली तरी चालणार. एकवीस दिवसांत अपील, नाहीतर कायमचं. लोक त्या मशीनला हट्टमीटर म्हणतात.

ते चालवणारी डॉक्टर, गार्गी हुपरीकर, तिशीतली पोरगी. हुशार, आणि माझ्याशी नीट बोलणारी. माझ्या डोक्यावर तारांच्या टोपीचे पट्टे बांधता बांधता तिनं मला समजावलं.

"मॅडम, मेंदू सारखा अंदाज बांधत असतो. तांब्या उचलायच्या आधी तो किती जड असेल याचासुद्धा. अंदाज चुकला की सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात एक लहर उठते, आश्चर्याची म्हणा. निरोगी माणूस त्या लहरीनंतर आपला अंदाज दुरुस्त करतो. पक्का भ्रम असेल तर लहर उठते, पण समज हलत नाही. उलट विरुद्ध पुरावाच तिच्या बाजूनं वळवला जातो. आम्ही पडद्यावर विरुद्ध पुरावे दाखवतो, लहर मोजतो आणि समज किती हलली ते बघतो."

"आणि माणूस खरं बोलत असेल तर?" मी विचारलं. "माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते आलं. तुझ्या गेटवरच्या शून्यानं ते कसं हलेल?"

"बरोबर आहे. खऱ्याला धरून बसलेला आणि खोट्याला धरून बसलेला, लहरीवरून सारखेच दिसतात. म्हणून दुसरा भाग आहे, पूर्वशक्यता. असं म्हणणं, अशा माणसाकडून, याआधी कितीदा खरं निघालं, हे मशीन जुन्या हजारो नोंदींवरून बघतं. वय, लिंग, म्हणण्याचा प्रकार. दोन्ही मिळून आकडा."

लहरींच्या भागात मला अठ्ठावन्न मिळाले. पूर्वशक्यता मिसळल्यावर शहात्तर.

घरी आले आणि ह्यांना म्हटलं, आता तुम्ही तक्रार करा, शब्द न् शब्द माझा. हे बिचारे गेले. ह्यांना वाटलं, वास येत नाही ते पकडलं जाणार. तर लहरींच्या भागात ह्यांना एकसष्ट, माझ्याहून जास्त. गेटवरचं शून्य दाखवलं, मालकाचा जबाब दाखवला, हे ढिम्म हलले नाहीत. बाहेर आल्यावर मी विचारलं, अहो, वास येत नाही तर हलला कसा नाहीत? म्हणाले, "तू आजवर मला खोटं कधी सांगितलंस? मी तेवढंच धरून बसलो होतो."

आणि पूर्वशक्यता मिसळल्यावर एकसष्टचे झाले एकतीस. तक्रार दखलपात्र.

चौथ्या दिवशी पहाटे पाचला पथक आलं. रात्रपाळीचा ऑपरेटर नळ्यांत साठलेली हवा काढताना अमोनिया विरघळवणाऱ्या पाण्यातून न नेता सरळ आमच्या भिंतीमागच्या गटारात सोडत होता, आणि हवेबरोबर अमोनिया. पहाटेचा वारा गेटकडून आमच्याकडे वाहतो, म्हणून सेन्सर कोराच राहायचा. दोन दिवसांत दुरुस्ती झाली. मालक माफी मागायला आला आणि बेदाण्याचा पुडा ह्यांच्या हातात देऊन, ह्यांचीच माफी मागून गेला. मी दारात उभी होते.

मला वाटलं, झालं, आता आकडा पुसतील. मी गार्गीकडे गेले, तर तिचा चेहरा पडलेला.

"मॅडम, तुम्हाला माहितीय. समज खरी निघाली म्हणून आजार नाही असं होत नाही. बायकोनं हिरवी साडी नेसली एवढ्यावरून तिचं बाहेर काहीतरी आहे असं धरून बसणारा नवरा आजारीच असतो, मग तिचं खरंच काही असलं तरी."

हे खरं आहे. मीच नव्या पोरांना शिकवायचे. पण ते आपल्या अंगावर आलं की कसं लागतं, ते मला त्या दिवशी कळलं.

घरी ह्यांनी आपली बाजू मांडली. "सोड की आता. वास गेला ना? राहिली सही. मी आहे की. माझी सही म्हणजे तुझीच."

"तुमची सही तुमची आणि माझी माझी," मी म्हटलं. "तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदांवर सह्या केल्या. आता दूधवाल्याच्या अर्जालाही तुम्हाला विचारू?"

"मी काय नाही म्हणणार आहे का?"

"म्हणणार नाही. पण म्हणू शकाल. तेच मला नको."

पोरीचा फोन आला, तीही तेच. आई, बाबा काय परके आहेत का. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. सूर्य मावळायच्या आत दोघं समोरासमोर बसून जेवायचो आणि उठायचो. मला राग ह्यांचा नव्हता. हे इतके चांगले आहेत, म्हणूनच कुणाला यात काही वावगं दिसत नव्हतं, त्याचा राग होता.

नियमात एक कलम आहे. ज्या नोंदींवरून तुमची पूर्वशक्यता काढली, त्या नावं झाकून बघायला मिळतात. कुणी मागत नाही. मी मागितल्या.

गार्गीनं पडदा माझ्याकडे वळवला. "मध्यमवयीन आणि पुढच्या विवाहित बायका. शेजारी छळतात, नवरा फसवतो, घरचे विष घालतात, अशा नोंदी एक हजार एकशे चाळीस. त्यातल्या खऱ्या निघालेल्या एकोणचाळीस. त्याच प्रकारच्या पुरुषांच्या आठशे दहा. खऱ्या तीनशे चार."

"खऱ्या म्हणजे कुणी ठरवलं?"

"तपास करणाऱ्यानं. हे बघा मूळ कागद. जुने केसपेपर वाचून शिकलंय ते."

पहिला कागद उघडला. अक्षर माझं होतं. दुसरा कागद, माझा. तिसरा, माझा. दोन हजार चौदापासून दोन हजार एकवीसपर्यंत, ओळीनं.

आमच्याकडे काम कसं चालायचं सांगते. जोडपं आत यायचं. बाई स्टुलावर, नवरा खुर्चीत. मी नवऱ्याला विचारायचे, काय होतंय यांना? तो सांगायचा. बाई मध्येच काही बोलली तर मी म्हणायचे, थांबा ताई, त्यांचं होऊ दे. शेवटी एक रकाना असायचा, खातरजमा कोणाकडून. पेशंट म्हणतोय ते खरं की खोटं, हे कुणाला विचारून पाहिलं? पुरुष म्हणाला, साहेब मला मुद्दाम छळतो, तर मी कारखान्यात फोन लावायचे, भावाला विचारायचे, एकदा तर स्वतः गेले होते. बाई म्हणाली, नवरा दुसरीकडे जातो, तर मी कुणाला विचारलं? नवऱ्याला. तो म्हणाला, छे हो मॅडम. मी लिहिलं, खातरजमा पतीकडून, मजकूर खोटा. पुढचा पेशंट.

त्यात मला कधी काही खटकलं नाही. कुणालाच खटकलं नाही. घरचा माणूस सोबत आलाय, त्याला विचारायचं, असंच सगळीकडे चालतं. पुरुष पेशंटची बायको मात्र बाहेर पोर सांभाळत उभी असायची, तिला आत कुणी बोलावत नसे.

"हे मशीन नाही गं बोलत," मी गार्गीला म्हटलं. "ही मी बोलतेय. मीच मला भ्रमिष्ट ठरवलंय."

ती म्हणाली, "पण मॅडम, स्त्री-पुरुषांत फरक असतात. जोडीदाराच्या संशयाचा भ्रम पुरुषांत जास्त दिसतो. कुणीतरी मोठा माणूस आपल्यावर प्रेम करतो, हा बायकांत. हे जगभर दिसलंय."

"असेल. मी नाही म्हणत नाही. खरोखर आजारी असलेल्या बाया मी पाहिल्यात, औषधानं माणसात आलेल्याही पाहिल्यात. पण या तुझ्या आकड्यांतल्या फरकात आजाराचा वाटा किती आणि माझ्या पेनाचा किती, हे सांगता येईल तुला?"

"नाही," गार्गी म्हणाली. "हे मी कधी विचारलंच नव्हतं."

मी त्या रात्री माझं अपील लिहिलं, आणि त्याला जोडून दुसरा अर्ज. या नोंदी मी केल्या आहेत, त्यांतली खातरजमा ही खातरजमा नव्हे, त्या सगळ्या बायकांना पुन्हा विचारल्याशिवाय या नोंदींवरून कुणाचाही आकडा काढू नये. लिहिताना एक केसपेपर डोळ्यांसमोरून हलेना. नाव झाकलेलं होतं, पण मजकूर मला आठवत होता. दोन हजार एकोणीस, वय तेहेतीस. कांचन भोकरे.

कांचनची आता बाजारपेठेत मिरची कांडायची गिरणी आहे. मी गेले तेव्हा तोंडाला फडकं बांधून उभी होती. मला वाटलं ओळखणार नाही.

"ओळखलं की," ती म्हणाली. "समाजसेवा मॅडम. माझ्या नवऱ्याला चहा पाजला होतात तुम्ही. मला विचारलंसुद्धा नव्हतं."

मी सांगायला लागले, तिनं थांबवलं. "दोन वर्षं गोळ्या खाल्ल्या मी. जीभ जड व्हायची, गिऱ्हाइकाशी बोलता यायचं नाही. पोरगी सासूनं ठेवून घेतली, आई येडी म्हणून. मग तो मेला आणि त्याची दुसरी बाई दोन पोरं घेऊन मयतीला आली. तेव्हा सगळ्यांना पटलं. मला कुणी येऊन म्हणालं नाही, की तुझं बरोबर होतं."

"मला ठाऊक नव्हतं, कांचन."

"मला विचारलं असतंत तर झालं असतं ठाऊक. त्याचं घर कुठल्या गल्लीत आहे ते पण सांगितलं होतं मी." तिनं मोटार बंद केली. "आणि आज कशा आलात? तुमचा नंबर लागला तेव्हा आठवले होय मी?"

खोटं बोलायचं तोंड नव्हतं. "होय," मी म्हटलं.

"मग जावा."

मी निघून आले.

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी. टेबलामागे तिघं, अध्यक्ष वडणगेकर म्हणून निवृत्त न्यायाधीश, एक खात्याचे अधिकारी, आणि मशीन चालवणारी म्हणून गार्गी. आम्ही आत गेलो तसे वडणगेकर ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "या मगदूम, बसा." समोर खुर्ची एकच होती. हे बसले नाहीत. मी बसले.

"आम्ही सगळं वाचलंय," वडणगेकर म्हणाले. माणूस सभ्य होता. "तक्रार खरी निघाली. विशेष बाब म्हणून तुमचा आकडा रद्द करायला समितीची हरकत नाही. आजच. फक्त तो जुन्या नोंदींबद्दलचा दुसरा अर्ज मागे घ्यायचा."

"का?"

खात्याचे अधिकारी म्हणाले, "अहो बाई, त्या नोंदी काढल्या तर राज्यातले सगळे निकाल उघडावे लागतील. शिवाय तुम्ही लिहून देताय की तुम्ही खोट्या नोंदी केल्या. चौकशी तुमच्यावरच बसेल. आम्ही तुम्हाला वाचवतोय."

वडणगेकरांनी एक कागद पुढे सरकवला. माझ्या पुढे नव्हे, माझ्या डोक्यावरून ह्यांच्या पुढे. "त्यांची सही सध्या ग्राह्य नाही, म्हणून त्यांच्या वतीनं तुम्ही करा. अर्ज मागे घेतल्याची. मिसेस उद्यापासून मोकळ्या."

कायद्यानं ह्यांना तो हक्क होता. मला विचारायचीही गरज नव्हती. आणि मला ठाऊक होतं की ह्यांना मी सुटायला हवी होते. रोज देवळात तेवढंच मागत होते. ह्यांनी पेन हातात घेतलं, कागद शेवटपर्यंत वाचला. कंडक्टर होते, प्रत्येक कागद पूर्ण वाचायची सवय.

"साहेब," हे म्हणाले, "एक सांगू का? मला वास येत नाही."

"म्हणजे?"

"कसलाच येत नाही. बावीस वर्षं झाली. मी तुमच्या मशीनला सांगितलं, मला अमोनियाचा वास येतो, आणि त्यानं ते खरं धरलं. ही खरं बोलली तर हिला शहात्तर. मला त्या दिवसापासून झोप नाही." ह्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "माझ्याकडून कशाला घेताय? ती समोर बसलीय. तिला विचारा."

मग वडणगेकरांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

"अर्ज मागे घेणार नाही," मी म्हटलं. "आकडा ठेवा. चौकशी बसवा माझ्यावर, मलाच विचारा, मी सगळं सांगते. पण अकराशे बायकांना मी खोटं ठरवून ठेवलंय आणि तुमचं मशीन त्यांच्या नावानं आणखी लाखभर बायकांना खोटं ठरवतंय. त्यातून माझी एकटीची सुटका मला नको."

"बाई, समजतंय ना? यापुढे कधीच तुमच्या शब्दाला कायद्यात किंमत राहणार नाही."

"साहेब, त्या बायकांच्या शब्दाला किंमत नव्हती ती माझ्यामुळे. मला समजलं नाही तर कुणाला समजेल?"

अर्ज रीतसर दाखल करून घेता येईना, कारण माझी एकटीची सही चालत नव्हती आणि ह्यांची सोबत घ्यायला मी तयार नव्हते. तेव्हा गार्गीनं तो ओढून घेतला आणि मशीन चालवणारी म्हणून स्वतःच्या नावानं दाखल केला. खात्याचे अधिकारी तिला काहीतरी कुजबुजले. ती म्हणाली, "बदली करा की मग." अर्ज वर गेलाय. केव्हा खाली येईल, देव जाणे.

परतीच्या गाडीत हे म्हणाले, "आता पोरगी रागावणार." मी म्हटलं, रागावू दे. मग ह्यांनी पिशवीतून संत्रं काढलं आणि सोलून अर्धं मला दिलं.

दुसऱ्या दिवशी कोरी वही घेऊन मी पुन्हा गिरणीवर गेले. समितीत काय झालं ते गावभर झालंच होतं. कांचननं मला बराच वेळ उभं ठेवलं. दोन गिऱ्हाइकं केली, मिरची चाळली, हात धुतले. मग एक खुर्ची आणली, फडक्यानं पुसली आणि त्यावर स्वतः बसली. मला स्टूल दाखवलं. मी बसले.

तिनं सांगायला सुरुवात केली. नवरा कधी कुठं जायचा, गल्ली कुठली, दाराला रंग कुठला, तिला पहिल्यांदा कशावरून कळलं. तास-दीड तास ती बोलत होती. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. लिहीत होते.

ती थांबली. "हे सगळं मी तेव्हाही सांगितलं होतं तुम्हाला. याच शब्दांत."

"होय," मी म्हटलं. "मी लिहून घेतलं नाही."

"मग आता पोरीचं लिहा," कांचन म्हणाली. "ते तर तेव्हा कुणाला सांगताच आलं नव्हतं."